मोटारी नसलेली वाट, पण कशावर बांधलेली? कालवा आणि जुनी रेल्वे जोडणाऱ्या एका फ्रेंच ग्रॅव्हल सफरीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझला राहणारं एक मराठी दांपत्य, त्यांची 13 वर्षांची मुलगी आणि नाशिकहून आलेले तिचे आजोबा (आईचे वडील), वय 66. एप्रिलच्या शाळेच्या सुट्टीत चौघांना सहा दिवस सायकलवर काढायचे होते. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

दमाचं म्हणाल तर चौघांत आजोबा सगळ्यांना भारी. नाशिकला रोज पहाटे तीस-चाळीस किलोमीटर डांबरी रस्त्यावर सायकल चालवणारा माणूस. पण दोन गोष्टी त्यांना नव्या होत्या: सामान लादून खडी-मातीवर (यालाच 'ग्रॅव्हल' म्हणतात) चालवणं आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने जाणं. आयुष्यभर डावीकडून चालवलेली सायकल वळणावर आपोआप डावीकडे जाते. यात रिकामा रस्ता गजबजलेल्या रस्त्यापेक्षा जास्त धोक्याचा, कारण पुढे एकही वाहन नसलं की बाजूची आठवण करून देणारं काही उरत नाही. मुलीलाही मोटारींमध्ये चालवायची सवय नव्हती. म्हणून नियोजनाची अट एकच होती: जमेल तेवढी वाट मोटारींशिवायची हवी.

अशा वाटांची फ्रान्समध्ये वाण नाही. 2004 मध्ये तिथल्या वाहतूक नियमांत 'व्ह्वा व्हेर्त', म्हणजे हरित मार्ग, हा स्वतंत्र प्रकार आला: मोटार नसलेली वाहनं, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखून ठेवलेला रस्ता. त्याखेरीज कालव्यांच्या काठच्या, पूर्वी घोड्यांनी नावा ओढायच्या वाटा आहेत, वनखात्याचे अडसर लावलेले खडीचे रस्ते आहेत आणि ग्रामपंचायतींच्या मालकीच्या शेतवाटा आहेत. नकाशावर या सगळ्या एकाच तुटक रेघेने दिसू शकतात. या प्रकरणातली बहुतेक अडचण त्या एका रेघेतून उभी राहिली.

मार्ग कसा ठरला

पहिला विचार साधा होता: तुलूझहून कॅनाल द्यू मिदीच्या काठाने थेट समुद्रापर्यंत जायचं. हा कालवा पिएर-पॉल रिके याच्या आराखड्यावरून 1666 ते 1681 या काळात खोदला गेला, लांबी 240 किलोमीटर, 1996 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. तुलूझपासून पहिले सुमारे 50 किलोमीटर वाट डांबरी आणि रुंद आहे. जिल्ह्याची हद्द ओलांडली की डांबर संपतं. पुढे कुठे दाबलेल्या मुरमाची चांगली वाट, कुठे नुसती पायवाट, असं मिश्रण लागतं. सुधारणेचं काम टप्प्याटप्प्याने होत असल्याने दर्जा तुकड्यातुकड्याने बदलतो.

दुसरा पर्याय होता पासापाइस: माझामे ते बेदारिय हा सुमारे 80 किलोमीटरचा हरित मार्ग. जुन्या रेल्वेमार्गावरून, ओ-लांगदॉक निसर्ग उद्यानातून तो जातो. सुमारे 800 मीटर लांबीचा फेनीयचा बोगदा, ओलार्ग गावाजवळचा लोखंडी पूल, कारू डोंगराच्या पायथ्याची चेरीची झाडं. सगळं देखणं, पण एवढ्याने सहा दिवस भरत नाहीत.

तिसरा पर्याय आजोबांना फार आवडला होता. तुलूझहून नोरूझच्या खिंडीपर्यंत कालव्याने जायचं, तिथून रिकेने कालव्याला पाणी आणायला खोदलेल्या पाटाच्या काठाने रेव्हेलला चढायचं, पुढे माझामे गाठून पासापाइसवर उतरायचं आणि बेझियेहून कालव्याने परत तुलूझ. नोरूझ हा सुमारे 190 मीटर उंचीवरचा पाणलोटाचा माथा. त्याच्या एका बाजूचं पाणी अटलांटिकला जातं, दुसऱ्या बाजूचं भूमध्य समुद्राला. पाणी कुठून आलं ते पाहत जाणारी ही वाट खरोखर सुंदर आहे. पण रेव्हेल ते माझामे या साधारण 40 किलोमीटरच्या टप्प्यात सलग हरित मार्ग नाही. सोरेझ, दूर्न्य, लाब्रुग्येर या गावांमधून जिल्हा रस्त्यांनी जावं लागतं. मूळ अटीवर हा पर्याय बाद झाला.

उरला चौथा, तोच घेतला: तुलूझहून कालव्याने पूर्वेला बेझियेपर्यंत जायचं, तिथून रेल्वेने बेदारियला चढायचं, पासापाइसने पश्चिमेला माझामेपर्यंत यायचं आणि तिथून रेल्वेने तुलूझ. दोन्ही मोटारमुक्त वाटा पूर्ण होतात आणि मधले तुकडे रेल्वे भरून काढते.

दिशा ठरवताना वाऱ्याचा विचार झाला, हे या नियोजनातलं सगळ्यांत चांगलं काम. या भागात दोन वारे चालतात. कार्कासॉनच्या पूर्वेला 'सेर्स' हा पश्चिम-वायव्येचा कोरडा, जोरदार वारा. तुलूझ ते कास्तेलनोदारी पट्ट्यात 'ओताँ' हा आग्नेयेचा. ओताँ बरेचदा पावसाआधी वाहतो, तो पडला की अटलांटिककडून ढग येतात आणि पाऊस ओसरल्यावर सेर्स सुरू होतो. कालवा पूर्वेकडे चालवला तर जास्त जोराचा सेर्स पाठीशी येतो. बेझियेहून पश्चिमेकडे निघालेल्यांना तोच वारा दिवसभर छातीवर घ्यावा लागतो. भरलेल्या सायकलवर तेव्हा सपाट वाटेवरही ताशी दहा किलोमीटर पडत नाहीत.

हंगामाचे पर्याय दोनच होते, एप्रिलची सुट्टी किंवा ऑक्टोबर अखेरची. शरद ऋतूत भूमध्य समुद्रावरून येणारा पाऊस इथे काही तासांत नद्या फुगवतो. 15 ऑक्टोबर 2018 च्या पहाटे ओद जिल्ह्यात आलेल्या पुराने कालव्याकाठच्या त्रेब गावात माणसं दगावली. शिवाय उन्हाळ्याच्या शेवटी वाटेवर सराटे पसरलेले असतात. आपल्याकडच्या माळरानावर असतात तेच, आणि साध्या ट्यूबची तितकीच दैना करणारे. एप्रिल ठरला, ते योग्यच होतं.

मुक्काम असे: पहिला कास्तेलनोदारी (65 किमी), दुसरा कार्कासॉन (40), तिसरा ऑम्प्स (40), चौथा बेझिये (63), पाचवा ओलार्ग (रेल्वेनंतर 30), सहाव्या दिवशी माझामे (50) आणि घर. सगळ्या खोल्या आधी आरक्षित, पैसे भरलेले. मोकळा दिवस एकही नाही.

सायकली आणि सामान

जावयाची ग्रॅव्हल सायकल 40 मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरवर, आईची 45 च्या. मुलीच्या लहान माउंटन सायकलला जवळजवळ दोन इंची, कमी नक्षीचे टायर. आजोबांसाठी भाड्याने ट्रेकिंग सायकल घेतली: सरळ बसायची ठेवण, मागे कॅरिअर, 37 मिलिमीटरचे ट्यूबवाले टायर आणि दोन्ही चाकांना पूर्ण लांबीची पक्की मडगार्ड. दुकानात दुसरा पर्यायही समोर होता, 45 चे टायर आणि मडगार्ड नसलेली ग्रॅव्हल सायकल. पाठ आणि मनगटं यांचा विचार करून ट्रेकिंग सायकल निवडली गेली. बसण्याच्या दृष्टीने ती निवड बरोबर होती. टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट मात्र कोणी पाहिली नाही. ती करंगळीच्या निम्म्या जाडीची, म्हणजे जेमतेम पाच मिलिमीटर होती.

दुरुस्तीचं सामान एकच संच, जावयाच्या पिशवीत: पंप, टायर काढायचे चमचे, दोन सुट्या ट्यूब, ट्यूबलेसच्या भोकात घालायच्या चिकट वाती, 60 मिलिलिटर सीलंट (टायरचं भोक आतून बुजवणारं द्रव), साखळी तोडायचं हत्यार, जोडकडी, दोन स्पोक, प्लास्टिकचे पट्टे. संच चांगला होता, पण दोन्ही ट्यूबना बारीक व्हॉल्व्ह होता आणि भाड्याच्या सायकलच्या रिमला मोटारीसारख्या जाड व्हॉल्व्हचं भोक.

पहिले दोन दिवस

डांबरी टप्पा सहज गेला. व्हिलफ्रांशनंतर दुपारी समोरून ओताँ सुरू झाला, वेग सोळावरून अकरा-बारावर आला. आजोबांनी पुढे राहून वारा अडवला. संध्याकाळी फ्रेंच हवामान खात्याचा रंगीत इशारा पाहिला, तो जिल्ह्यासाठी पिवळा होता. पिवळा म्हणजे सावध रहा, घराबाहेर पडू नका असं नव्हे. पण ओताँ आणि पिवळा इशारा एकत्र आले की दीड-दोन दिवसांत पाऊस धरून चालावा, असं या भागातले लोक सांगतात. इथे वेळापत्रक हलवण्याची पहिली संधी होती. कोणी घेतली नाही, कारण खोल्यांचे पैसे भरले होते.

दुसऱ्या दिवशी वाट आणखी खडबडीत झाली. आजोबांचे हात बधिर होऊ लागले. दुकानातून सायकल आली तेव्हा टायरमध्ये 5 बार (सुमारे 73 पीएसआय) हवा होती, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. जावयाने दोन्ही टायरची हवा आपल्या सायकलइतकी, 2.3 बार (33 पीएसआय) केली. आजोबांना लगेच बरं वाटलं आणि विषय तिथेच संपला.

अडचण

दुसऱ्या रात्री कार्कासॉनला रात्रभर पाऊस झाला. सकाळी नऊला आभाळ उघडलं म्हणून चौघं निघाले.

कालव्याकाठची वाट म्हणजे मुळात मातीचा बांध. पाणी झिरपू नये म्हणून चिकणमाती ठासून भरलेला. जे पाणी कालव्यात धरून ठेवायला ही माती वापरली, तेच पावसाचं पाणी ती वाटेवरही धरून ठेवते. या भागातली माती चुनखडीची आणि चिकट. विदर्भ-मराठवाड्यात पावसानंतर काळ्या रानातून सायकल हाकली असेल त्याला हा प्रकार वेगळा सांगायला नको. त्यात झाडांची भर. कालव्यावर सुमारे 42,000 प्लेन वृक्ष (चिनारच्या जातीचे) होते. 2006 मध्ये त्यांच्यावर एक बुरशीजन्य रोग आढळला. त्यावर खात्रीचा इलाज नाही, म्हणून लागण झालेलं झाड आणि आजूबाजूची झाडं तोडून जाळतात. परिणामी जिथे जुनी झाडं उभी आहेत तिथे वाटेवर तीन ते पाच सेंटिमीटर वर आलेली मुळं, आणि जिथे तोडणी झाली तिथे अवजड यंत्रांनी पाडलेल्या चाकोऱ्या.

पहिल्या तीन किलोमीटरांतच आजोबांचं पुढचं चाक अडलं. मडगार्डच्या आत चिखल आणि पाला भरून त्याचा घट्ट थर बसला. काडीने खरवडायचं, पाचशे मीटर जायचं, पुन्हा खरवडायचं. मग पुढचं मडगार्ड सोडवून कॅरिअरला बांधलं. मागचं कॅरिअरच्याच बोल्टवर धरलेलं असल्याने सामान उतरवल्याशिवाय निघत नव्हतं, ते राहिलं. मुलीच्या सायकलला मडगार्डच नव्हती. तिच्या अंगावर चिखल उडाला, पण चाकं फिरत राहिली. त्रेबपर्यंतच्या 13 किलोमीटरांना दोन तासांवर वेळ गेला.

त्रेबच्या तीन पायऱ्यांच्या लॉकनंतर (लॉक म्हणजे नावा वर-खाली करण्यासाठी दारं लावलेला हौद) वाट अरुंद झाली. साधारण तीन किलोमीटरवर आजोबांचं मागचं चाक मुळावर आपटलं आणि ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडली. कारण सरळ होतं: हवा कमी, मागे दहा किलो सामान आणि आत ट्यूब. टायर दबून रिमच्या दोन्ही कडांनी ट्यूब चिमटली. 2.3 बार हा ट्यूबलेसचा दाब होता. त्यात चिमटायला ट्यूबच नसते, म्हणून तो चालतो.

बारीक व्हॉल्व्हची ट्यूब जाड भोकात बसवली. तसं चालतं, पण व्हॉल्व्ह भोकात हलतो आणि त्याच्या मुळाशी रबर फाटू शकतं. जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून, मधे भोक पाडून व्हॉल्व्हभोवती घातला. हे काम चालू असताना मुलगी थोडी पुढे गेली आणि तिरप्या ओल्या मुळावरून तिचं चाक घसरलं. ती शेताच्या बाजूला पडली, कालव्याच्या नाही. लागलं काही नाही. पण ती कुठल्या बाजूला पडली हा निव्वळ योग होता, आणि ते चौघांनाही कळलं.

सव्वाबारा वाजले होते. ऑम्प्स अजून जवळपास 24 किलोमीटर.

तोलून पाहिलेले पर्याय

*तसंच पुढे जाणं.* ताशी सात-आठच्या वेगाने तीन-साडेतीन तास, थांबे वेगळे. एप्रिलमध्ये उजेड रात्री आठपर्यंत असतो, त्यामुळे वेळेचा प्रश्न नव्हता. प्रश्न थकव्याचा होता. थकलेला माणूस मुळं सरळ कापत नाही, तिरपी कापतो, आणि इथे डाव्या-उजव्यापैकी एका हाताला कायम खोल पाणी.

*मोठा रस्ता.* डी-610 हा जिल्हा रस्ता त्रेबहून ऑम्प्सकडे कालव्याला जवळपास समांतर जातो. पक्का, सपाट, तासा-दीड तासाचं काम. पण ट्रक आणि वेगाने जाणाऱ्या मोटारी, आणि उजवी बाजू अंगवळणी न पडलेले आजोबा. आजोबांचा कल इकडे होता. "नाशिक-मुंबई हायवेवर चालवतो मी," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मुलीने, म्हणजे आईने, "बाबा, हायवेची सवय तुम्हाला आहे, तिला नाही," एवढंच म्हटलं आणि तो विषय मिटला.

*दोन गट करणं.* आजोबा आणि जावई रस्त्याने, माय-लेकी कालव्याने. दुरुस्तीचा संच एक, त्यामुळे एक गट हत्यारांशिवाय राहिला असता. हा पर्याय दोन मिनिटांत सुटला.

*टॅक्सी.* चार माणसं आणि चार सायकली एका फेरीत मावतील अशी गाडी ऐन वेळी मिळणं अवघड. फोन केले, जुळलं नाही.

*कार्कासॉनला परत जाऊन रेल्वे.* तुलूझ-नारबॉन लोहमार्ग कालव्यापासून फार लांब जात नाही. कास्तेलनोदारी, ब्रां, कार्कासॉन आणि पुढे लेझिन्याँ-कॉर्बियेर ही स्थानकं सुटकेच्या वाटेसारखी वापरता येतात. प्रादेशिक गाड्यांत सायकल नेता येते, जागा मोजक्या असतात. लेझिन्याँहून ऑम्प्स साधारण 12 किलोमीटर. अडचण एक: सोळा किलोमीटर उलटं जायचं, तेही त्याच चिखलातून.

उलटं जाणं मनाला नको वाटतं. तरी इथे एक गोष्ट त्याच्या बाजूने होती: ती वाट माहीत झाली होती. कुठे उतरून चालायचं, कुठे वाट रुंद आहे, हे सगळ्यांच्या लक्षात होतं. पुढच्या 24 किलोमीटरांबद्दल यातलं काहीच माहीत नव्हतं.

प्रत्यक्षात काय केलं

शेवटचा पर्याय घेतला. निघण्याआधी मागचं सामान उतरवून दुसरं मडगार्डही काढलं. पंचवीस मिनिटं गेली, पण त्यानंतर खरवडायला थांबावं लागलं नाही. मागच्या टायरमध्ये 3.5 बार (सुमारे 51 पीएसआय) हवा भरली, पुढच्यात 3. पंचाहत्तर किलोच्या माणसाला दहा किलो सामानासह 37 मिलिमीटरच्या ट्यूबवाल्या टायरवर हा दाब योग्य आहे. आजोबांचं सामान दोन ग्रॅव्हल सायकलींवर वाटून घेतलं.

मुळांवरून जाण्याची रीतही ठरवून घेतली: मूळ तिरपं असेल तर वेग कमी करून शक्य तेवढं काटकोनात ओलांडायचं, त्या क्षणी ब्रेक धरायचा नाही, खोगिरावरून अंग किंचित उचलायचं. वाट हाताच्या लांबीपेक्षा अरुंद झाली की उतरायचं आणि सायकल पाण्याच्या बाजूला ठेवून स्वतः शेताच्या बाजूने चालायचं. दोन तासांच्या आत चौघं कार्कासॉन स्थानकावर होते.

लेझिन्याँला उतरल्यावर ऑम्प्ससाठी मोठा डी-611 सोडून तूरूझेल गावावरून जाणारे द्राक्षमळ्यांतले छोटे रस्ते धरले. पूर्ण सफरीत गावाबाहेर मोटारींचा रस्ता लागला तो एवढाच. रांग ठरवली: पुढे आई, मग मुलगी, मग आजोबा, शेवटी जावई. आजोबांना "उजवीकडे रहा" असं सारखं सांगण्याऐवजी एकच खूण दिली: रस्त्याची मधली रेघ नेहमी डाव्या खांद्याकडे हवी. रेघ नसलेल्या रस्त्यावर आणि प्रत्येक वळणानंतर जावई मागून फक्त "खांदा" म्हणायचा. बारा किलोमीटरांत एकदाच, एका टी-आकाराच्या वळणावर, आजोबा डावीकडे गेले. समोरून कोणी नव्हतं. सहाच्या सुमारास मुक्कामी पोहोचले.

परिणाम

रात्रीत सेर्स सुटला. चौथ्या दिवशी सकाळी वाटेचा वरचा थर सुकून घट्ट झाला होता. जो वारा उलट दिशेने शिक्षा ठरला असता तोच आता वाट वाळवत होता आणि पाठीवर होता. आर्झांपासून बेझियेच्या फोंसेरान लॉकपर्यंत सुमारे 54 किलोमीटर कालव्यावर एकही लॉक नाही, डोंगरउताराच्या समान उंचीवरून तो नागमोडी जातो. वळणांवर वारा आडवा लागतो तेव्हा मुलीला शेताच्या बाजूने चालवायला लावलं. ल सोमाय, काप्स्ताँ, मग मालपासची टेकडी: कालवा तिच्या पोटातून 1679-80 च्या सुमारास खोदलेल्या बोगद्यातून जातो, सायकलींनी वरून जायचं. 63 किलोमीटर थांब्यांसह सात तासांत झाले. पंक्चर नाही.

बेझियेला संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची गाडी तपासली, तर ठरवलेल्या फेरीऐवजी बस दाखवत होती. बेदारियच्या मार्गावर दिवसाला गाड्या थोड्या आणि बदली बस हा नेहमीचा प्रकार. बसमध्ये सायकल घेतील याची खात्री धरता येत नाही. सकाळची आधीची गाडी पकडली. आदल्या संध्याकाळी पाहिलं नसतं तर अर्धा दिवस गेला असता, आणि बेझिये-बेदारिय डोंगररस्ता या गटासाठी पर्यायच नव्हता.

पासापाइसवर फरक पहिल्या किलोमीटरला जाणवला. त्याच आठवड्यातला पाऊस इथेही झाला होता, तरी वाट कोरडी. कारण खाली रेल्वेची खडी आहे. रूळ काढले तरी पाण्याचा निचरा करणारा तो थर, बाजूच्या चऱ्या आणि मोऱ्या तशाच राहतात. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून चढ दोन टक्क्यांच्या आसपास. आगगाडीला तीव्र वळण घेता येत नाही, म्हणून समोरचं दूरवर दिसतं. बेदारियहून कुर्निऊपर्यंत एकूण चढ आहे हे आजोबांना उंचीचा आकडा दाखवल्यावरच पटलं. फेनीयच्या बोगद्यात अंगात जाकीट आणि पुढे-मागे दिवे हवेत. बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत काही सेकंद काहीच दिसत नाही, त्यामुळे तोंडाशीच थांबून मग निघावं. अडसरांच्या नागमोडी फटींतून रुंद पिशव्या लावलेली सायकल अडकते, तिथे उतरावं लागतं. बाकी सांगण्यासारखी अडचण नाही.

एकूण सुमारे 290 किलोमीटर सायकल, त्यांतले 12 मोटारींच्या रस्त्यावर. चौघंही धडधाकट माझामेहून गाडीत बसले.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी गोष्ट, मोकळा दिवस. कार्कासॉनला एक रात्र जास्त धरली असती तर तिसऱ्या दिवशीचा पूर्ण प्रसंग टळला असता. सेर्सने एका दिवसात वाट सुकवली हे चौथ्या दिवशी दिसलंच. मोकळा दिवस बहुतेक लोक सफरीच्या शेवटी ठेवतात. तो सगळ्यांत वाईट मातीच्या आधी ठेवावा, आणि जिथे वाट पाहताना कंटाळा येणार नाही अशा गावी. कार्कासॉनचा किल्ला त्यासाठी पुरेसा आहे. सुट्टी सहाच दिवसांची असेल तर बेझियेचा मुक्काम गाळून ऑम्प्सहून लवकर निघून त्याच संध्याकाळी बेदारिय गाठता येतं का, ते आधी पाहावं.

दुसरं, क्रम. पासापाइस पावसात चालते, कालवा चालत नाही. हवामान बिघडतं आहे हे पहिल्याच संध्याकाळी दिसत होतं. कास्तेलनोदारीहून गाडीने तुलूझ, तिथून माझामे, पावसाचे दोन दिवस रेल्वेच्या खडीवर काढायचे आणि मग बेदारियहून उतरून गाडीने कार्कासॉनला येऊन वाळलेल्या कालव्यावर पूर्वेकडे जायचं, हे शक्य होतं. त्यासाठी खोल्या रद्द करता येण्याजोग्या हव्या होत्या. एप्रिलच्या आडवारी अशा खोल्या थोड्या महाग पडतात, पण मिळतात. या पैशांची कसर करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

तिसरं, नकाशा वाचणं. फक्त 'मोटारी नाहीत' एवढं पाहून थांबू नये. ही वाट मुळात कशासाठी बांधली होती ते शोधावं. रेल्वे असेल तर निचरा चांगला आणि चढ मवाळ. कालव्याचा बांध असेल तर सपाट, पण ओल धरणारा, आणि एका बाजूला पाणी. वनखात्याचा रस्ता लाकडाचे ट्रक जावेत म्हणून मोठ्या दगडांनी भरलेला, टिकाऊ पण हात हलवून सोडणारा, चढ कितीही. शेतवाट ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांची, पावसात कालव्यापेक्षाही वाईट. फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेच्या 1:25,000 नकाशावर जुना रेल्वेमार्ग, बांध आणि जंगलरस्ता वेगळे ओळखू येतात. ओपनस्ट्रीटमॅपवर पृष्ठभागाची नोंद असते, पण ती उन्हाळ्यात भरलेली असू शकते. झाडतोडीसाठी वाट बंद असल्याच्या सूचना कालवा प्रशासन आणि जिल्हा परिषदेकडे मिळतात, त्या निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहाव्यात. मोटारमुक्त वाटेवरही देखभालीच्या गाड्या आणि शेतकऱ्यांची वाहनं येतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं.

चौथं, भाड्याची सायकल. दुकानात मडगार्डच्या फटीत बोट घालून पाहावं. टायरभोवती सगळीकडून दहा मिलिमीटर मोकळं नसेल तर मडगार्ड काढून द्यायला सांगावं. व्हॉल्व्ह कुठला आहे ते पाहून त्याच प्रकारच्या दोन ट्यूब आणि त्याला लागणारं पंपाचं तोंड घ्यावं. हवेचा दाब प्रत्येकाचा वेगळा, वजन, टायरची रुंदी आणि ट्यूब आहे की नाही यावरून ठरवून पट्टीवर लिहून सायकलच्या दांडीला चिकटवावा. पन्नास किलोच्या मुलीला दोन इंची टायरवर 2 बार पुरतात. तोच आकडा आजोबांच्या चाकाला चालत नाही. बधिर होणाऱ्या हातांवर उपाय हवा कमी करण्यात शोधण्याआधी हॅन्डलची उंची दोन सेंटिमीटर वाढवून आणि जाड पकड लावून पाहावा.

आणि दुरुस्तीची हत्यारं चार माणसांत किमान दोन ठिकाणी असावीत. गट फोडणं या वेळी चुकीचंच ठरलं असतं, तरी तो पर्याय हत्यारं एकच संच असल्याने बाद झाला, विचाराने नव्हे.